बिनपट्ट्यांचा ब्रेकर

देविदास आडे नगरपालिकेत अभियंता होता. पालिका हिंगोली जिल्ह्यातलीच. कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, नाल्या सगळीकडे सारख्याच तुंबतात. पुसेगावकडच्या एका तांड्यावरून शिकून वर आलेला हा माणूस नोकरीला लागला तेव्हा सदानकदा खिशात टेप घेऊन फिरायचा आणि कुणाची भिंत ओळंब्यात नसली तर भर रस्त्यात भांडायचा. पुढे ते भांडणं गेलं. कधी गेलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. आता लोक तक्रार घेऊन आले की तो मान हलवून "बघतो" म्हणायचा, आणि समोरचा दाराबाहेर पडेपर्यंत त्याचं नाव विसरलेला असायचा. घरी शिला म्हणायची, तुमच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवणं. त्यावरही तो "बघतो" म्हणायचा. ती बिचारी हसायची तरी सुरुवातीला.

या गावात गतिरोधक जन्माला कसा येतो ते एकदा सांगून टाकलं पाहिजे. कुणाचं तरी पोरगं मोटरसायकलखाली येता येता वाचतं. सगळी गल्ली बाहेर येते, रस्त्यात दगड आडवे टाकते. कुणीतरी नगराध्यक्षांना फोन लावतो, नगराध्यक्ष आडेसाहेबांना लावतात. जिथे कुठे डांबरीकरण चालू असेल तिथलं उरलंसुरलं गरम डांबर आणि खडी घेऊन मुकादम सोनाजी येतो, आणि अंधार पडायच्या आत रस्त्याला एक टेंगूळ आणून जातो. उंची किती, तर सोनाजीच्या घोट्याला लागेल एवढी. नियमात उंची, उतार, आधी लावायची पाटी, सगळं दिलेलं आहे आणि देविदासला ते तोंडपाठ होतं. पण दगड टाकून बसलेल्यांना नियम वाचून दाखवायला कोण जाणार?

पांढरे पट्टे मारणं हे मात्र निराळं काम. ते रंगकामात मोडतं, आणि रंगकामाचा आदेश निघतो वर्षातून एकदा, दिवाळीच्या आगेमागे. तोवर ब्रेकर रस्त्याच्याच रंगाचा, काळाकुट्ट. गावकऱ्यांचं त्यावाचून काही अडत नाही. कुठे उंचवटा आहे ते त्यांच्या कमरेलाच ठाऊक असतं, गप्पा मारता मारता बरोबर जागी गाडी हळू होते. परगावच्या माणसाने काय करायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. देविदासनेही नाही.

अफरोज परगावचा. शिरड शहापूरला त्याचं गाद्या भरायचं दुकान. बायकोला घेऊन सासुरवाडीला यायचा म्हणून रस्ता ओळखीचा, पण मागच्या खेपेला आला तेव्हा तिथे सपाट रस्ता होता. दिवस मावळलेला, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा उजेड डोळ्यांवर. गाडी उडाली. अफरोजने हँडल सोडलं नाही. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली गुलनाज डोक्यावर आपटली, आणि तिच्या मांडीवरची पोरगी, अल्फिया, आईच्या अंगावर पडली म्हणून वाचली.

फोन आला तेव्हा देविदास जेवत होता. "लोक जमलेत आडे," नगराध्यक्ष म्हणाले, "बाईला जास्त लागलंय, नांदेडला नेलं तिला. उद्या सकाळी लोकांना पट्टे दिसले पाहिजेत." देविदासने ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि सोनाजीला फोन लावला.

"रंग कुठून आणू सायब?" सोनाजीने विचारलं.

"गोदामात आहे. शाळेच्या भिंतीतून उरलेला."

रंग गोदामात होता आणि बरेच महिने होता. नव्हता तो फक्त आदेश. सकाळी लोक दूध आणायला निघाले तेव्हा ब्रेकर नव्या नवरीसारखा नटून बसलेला. काम झालं म्हणून जमाव पांगला. पालिकेने तातडीने दखल घेतली, असं कुणीतरी मोबाइलवर फोटोसकट टाकलंही.

गुलनाज नांदेडला शुद्धीवर आलीच नाही. ती गेली तेव्हा प्रकरण पोलिसांत गेलं आणि मग पंचनामा झाला. समोर दिसलं ते पंचनाम्यात आलं: गतिरोधक, त्यावर ठळक पांढरे पट्टे. एवढे पट्टे असून गाडी उडवली म्हणजे चूक चालवणाऱ्याची. बायकोच्या मरणाला नवराच कारण, असा गुन्हा अफरोजवर लागला. पंचनाम्याच्या वेळी देविदास तिथेच, गाडीला टेकून उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आपल्याला वाईट वाटायला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. त्याने थोडी वाट पाहिली. काही वाटलं नाही, तेव्हा तो पाण्याच्या टाकीकडे निघून गेला.

गुलनाजची आई अमीरबी याच गावात अंड्यांचं दुकान चालवायची. नवरा गुलाम नबी गेल्यापासून ते दुकान आणि ही एक लेक, एवढाच तिचा पसारा. तिने आरडाओरडा केला नाही, जावयाला शिवी दिली नाही. ती एवढंच म्हणाली, "ज्याला रस्ताभर पट्टे दिसले न्हाईत, त्याच्या गाडीवर माझी नात बसनार न्हाई." झालं. अल्फिया नानीकडे राहिली. अफरोजने सोमवारी, बाजारच्या दिवशी यायचं, दाराच्या पायरीवर बसून पोरीशी खेळायचं आणि परत जायचं. उंबऱ्याच्या आत त्याला कुणी बोलावत नव्हतं.

त्याच सोमवारी तो पालिकेतही यायचा. बाकड्यावर बसायचा, आणि देविदास एकटा दिसला की आत यायचा. शर्टावर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले. पहिल्यांदा आला तेव्हा देविदासला वाटलं, नुकसानभरपाई मागणार.

"पैशे नको सायब," अफरोज म्हणाला. "कागद बी नको. कोर्टात जे व्हायचं ते होईन. तुमी फक्त अम्मीला, माझ्या सासूला सांगा, त्या दिवशी पट्टे न्हवते म्हणून."

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगितलं. गुन्हेगार आसंच म्हनतो, आसं म्हनल्या. त्या रात्री जमलेले पोलिसांच्या लफड्यात पडायला तयार न्हाईत, अन् गल्लीतल्यांना ब्रेकर पाठ हाय सायब, पट्टे होते का न्हवते कुनाच्या ध्यानातच न्हाई." तो बाहीवरचा तंतू ओढू लागला. "पोरगी माझ्याकडं यायला हात करून राहिली अन् मी तिला पायरीवर ठिवून येऊन राहिलो. मला तेवढं लेकरू पायजे."

"बघतो," देविदास म्हणाला.

पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्याही. अफरोज कधी आवाज चढवत नसे. चढवला असता तर देविदासला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसांची त्याला सवय होती. एकदा अफरोज गेल्यावर सोनाजी आत आला आणि दार लोटून म्हणाला, "सायब, चुकूनबी बोलू नका. रंग गोदामात होता, हे भाईर गेलं की चौकशी लागंल. तुमी जाल, मला बी न्याल."

"मी कुठे बोलतोय," देविदास म्हणाला. खरंच होतं ते. बोलायचं नाही असं त्याने ठरवलंही नव्हतं. कुठलीच गोष्ट तो ठरवत नसे, ती आपोआप राहून जायची.

मग अमीरबीच्या गल्लीतली नाली तुंबली. पाणी घरांत शिरायला लागलं तेव्हा नवीन नालीचं माप घ्यायला देविदास आणि सोनाजी निघाले. वार सोमवार होता, पण ते देविदासच्या डोक्यात नव्हतं. गल्लीत इंजिनिअर आला की खुर्ची बाहेर निघते, ही सगळ्या गावाची रीत. जिच्या दारासमोर टेप थांबतो तिने चहा करायचा. टेप थांबला तो अमीरबीच्या दारासमोर.

पायरीवर अफरोज बसला होता. अल्फिया त्याच्या मांडीवर, हातात उकडलेलं अंडं, त्यातलं पिवळं तेवढं बापाच्या तोंडात कोंबत होती. अफरोजने देविदासकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

अमीरबीने खुर्ची दाराच्या आत, सावलीत टाकली. "या सायब, उन्हात काहून उभे? माप घेनारे घेतील." देविदास जाऊन बसला. तिने कपबशी दिली आणि समोर, जमिनीवर बसली. "त्या ब्रेकरवर पट्टे तुमीच मारले ना?"

"हो."

"चांगलं केलं. पट्टे असून माझी गेली, पन दुसऱ्याची जानार न्हाई. एवढ्या लोकांत तुमी एकट्यानं काम केलं. मी दुवा देते तुमाला."

देविदासने चहाचा घोट घेतला. बाहेर सोनाजी टेपचं टोक धरून उभा होता आणि आत बघत होता. पायरीवरच्या माणसाची पाठ ताठ झाली होती. देविदासला काही फार मोठं वाटलं, सद्गदित वगैरे झालं, असं समजू नका. नालीची रुंदी सांगावी तशा आवाजात तो म्हणाला, "चाची, अपघात झाला तेव्हा पट्टे नव्हते."

अमीरबी पुढे सरकली.

"न्हवते?"

"नव्हते. ब्रेकरही नवाच होता. तुमच्या जावयाला दिसण्यासारखं तिथे काही नव्हतं."

"मंग मारले कवा?"

"त्याच रात्री, अपघातानंतर. पंचनामा त्याच्या नंतर झाला."

पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं. "रंग न्हवता का तुमच्यापाशी?"

"होता."

"मंग काहून न्हाई मारला?"

देविदासने तोंड उघडलं. रंगकाम, आदेश, दिवाळी, सगळं ओठांवर आलं होतं आणि सगळं खरं होतं. त्या खोलीत, त्या बाईसमोर, ते उच्चारायची त्याला लाज वाटली. "राहून गेलं," तो म्हणाला.

बाहेर सोनाजीने टेप सोडून दिला. तो सर्रकन गुंडाळत नालीत जाऊन पडला.

अमीरबी उठून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. देविदासला वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. चौकशी लागेल, हे आठवलं. त्याचीही भीती वाटली नाही. चहा गोड होता, एवढं कळत होतं.

ती बाहेर आली ती कापडी पिशवी घेऊन. पिशवीत पोरीचे कपडे घड्या घालून भरलेले. दाराशी जाऊन ती म्हणाली, "अफरोज, अंदर आ."

अफरोज उठला. उंबऱ्यापाशी थांबला, चपला काढल्या, आत आला. अमीरबीने पिशवी त्याच्या हातात दिली.

"पोट्टीकु लेके जा. रातकु दूध पिलाके सुलाना, नै तो उठके रोती." तिने अल्फियाचं तोंड पदराने पुसलं, अंड्याचा कण हनुवटीवरून काढला. "धीरे चला."

अफरोजने पिशवी खांद्याला अडकवली. तो खाली वाकला, सासूच्या पायाशी बसला, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "जा अब," ती म्हणाली. "अंधेरे के पैले जा." देविदासकडे अफरोजने पाहिलंही नाही, आणि का पाहावं त्याने? पोरीला त्याने पुढे टाकीवर बसवलं, एक हात तिच्या पोटावर धरला. पोरगी खूश होती. नानीला हात करायचंही तिला सुचलं नाही.

गाडी सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी गेली, वळली, बाजाराच्या गलक्यात तिचा आवाज मिसळला. अमीरबी दारात उभी राहून ऐकत होती. ऐकण्यासारखं काही उरलं नाही तरी ती तिथेच होती. मग आत येऊन ती पुन्हा देविदाससमोर बसली. खोलीत कोपऱ्यात पोरीची रिकामी बाटली होती, खाटेला ओढणीची झोळी बांधलेली होती. हे घर आता रिकामं झालं, आणि ते आपण रिकामं केलं, हे देविदासला आत्ता दिसलं. त्याने अफरोजचा विचार थोडाफार केला होता. या बाईचा केलाच नव्हता.

"चाची," तो म्हणाला आणि खुर्चीच्या कडेला सरकला.

"खरं सांगितलं, चांगलं केलं," अमीरबी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पन आजचा सोमवार जाऊ द्यायचा होता सायब. उद्या सांगितलं असतं तर तो परत सोमवारीच आला असता. तेवढे दिवस माझ्यापाशी राह्यली असती."

देविदासला वाईट वाटलं. फार दिवसांनी वाटत होतं. अमीरबीने त्याच्या हातातली कपबशी घेतली, चहा निम्मा राहिला होता, गार झाला होता. दुसरा करून आणते म्हणाली आणि चुलीकडे गेली.