काळं पीट मॉस

वरवट बकालच्या सिंधूताईंचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या की पाकिटावरची तारीख त्या दोनदा वाचत. मेथीची जुडी घ्यायची तर आधी सोडून बघत.

त्या आणि शेजारची बनाबाई मिळून सहा वर्षं सिंधूताईंच्या घरामागे हिरव्या जाळीखाली रोपं करत होत्या. मिरची, वांगी, टमाटे, तुळस. कुंडीची मातीही घरीच बनवायच्या. शेणखत, गांडूळखत, आणि माती मोकळी राहावी म्हणून नारळाचा भुसा. पण गेल्या साली भुसा खारट निघाला आणि अर्धी रोपं करपली. तेव्हा प्रशिक्षणाला आलेल्या एका मॅडमनी सांगितलं, यंदा पीट मॉस घालून पाहा. थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ ते. ओल धरतं आणि मुळांना हवाही देतं. जरा आंबट असतं, म्हणून थोडा चुना मिसळायचा, एवढंच.

मलकापूरला दयारामच्या दुकानात ते मिळतं असं कळलं. सिंधूताई एकट्याच गेल्या. दयारामनं दोन पोती उघडून दाखवली. एकात तांबूस, हलकं, धाग्याधाग्याचं. दुसऱ्यात काळंभोर, पिठासारखं बारीक.

"ताई, हे तांबडं न्या. रोपाले हेच चांगलं."

सिंधूताईंनी ते हातात घेतलं. दिसायला थेट नारळाचा भुसा! भाव दोन्हींचा सारखा, मग ह्याला तांबड्याचाच एवढा पुळका काऊन? कुठला तरी पडून राहिलेला भुसा गळ्यात मारत असेल. काळी जमीन कसदार आणि तांबडी बरड, हे तर आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

"मले काळंच पाह्यजे."

"ते लय कुजेल असते, ताई. पाणी धरून बसते."

"पाणी धराले तं नेऊन राह्यली मी!"

दयारामनं पोतं शिवलं आणि ऑटोत टाकून दिलं.

सिंधूताईंच्या घरात जागा नव्हती, म्हणून पोतं बनाबाईच्या पडवीत ठेवलं. दोघींनी लागेल तेवढं मॉस काढून पोतं पुन्हा शिवून ठेवलं, माती कालवली, ट्रे भरले, बी टाकलं. आठवड्यात कोंब वर आले. आणि मग एकेक रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडू लागलं. वरच्या मातीवर हिरवट बुरशी धरली.

सिंधूताईंच्या मनात पहिलं नाव आलं दयारामचं. दुसरं आलं बनाबाईचं.

कारण बनाबाईच्या दारातल्या शेवंतीच्या कुंड्या टरारून फुटल्या होत्या, आणि त्यांतली माती काळीभोर, मोकळी होती. हिच्याकडं असली माती आली कुठून? पडवीतल्या पोत्याचं तोंडही आता सुतळीनं बांधलेलं होतं. दोघींनी तर ते पांढऱ्या दोऱ्यानं शिवून ठेवलं होतं. म्हणजे हिनं चांगला माल काढून घेतला आणि आपल्याला भलतंच काहीतरी भरून ठेवलं! सिंधूताईंनी विचारलं मात्र काही नाही. "माती लय छान हाय वं तुही," एवढंच म्हणाल्या. बनाबाई हसली. ते हसणंही त्यांना खटकलं.

बनाबाई बँकेच्या कामाला संग्रामपूरला गेली तो दिवस त्यांनी गाठला. पडवीत शिरून पोत्यातलं मूठभर मॉस एका पिशवीत घेतलं, शेवंतीच्या कुंडीतली माती दुसऱ्या पिशवीत, आणि तडक मलकापूर गाठलं.

"हे तुमी दिलेलं हाय का? खरं सांगा."

दयारामनं काळं मॉस ओलं करून मुठीत दाबलं. मूठ उघडली तरी गोळा तसाच, गाऱ्यासारखा. "हेच दिलं मी. तुमीच मागतलं होतं." मग तांबडं तसंच दाबलं. मूठ सुटताच ते स्पंजासारखं फुललं. "पाह्यलं? ह्यात हवा राह्यते. त्यात मुळी गुदमरते."

"अन् हे?" सिंधूताईंनी दुसरी पिशवी पुढं केली.

त्यानं वास घेतला. एक अर्धवट कुजलेलं पान निवडून बाजूला ठेवलं. "हे मॉस नाईच. पालापाचोळ्याचं खत हाय. ज्यानं केलं त्याच्या हाताले गुण हाय, ताई."

परतीच्या एस.टी.त सिंधूताईंना वाटलं, दयाराम आणि बनाबाई एकमेकांना मिळालेले तर नसतील? तसं वाटल्याची मग इतकी लाज वाटली, की वाटेत एक ओळखीची बाई बोलायला लागली तर त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

बनाबाई आपल्या दारातच उभी होती. "माह्या पडवीत कोन आलतं? कुंडी उकरेल दिसते."

"मी." सिंधूताईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. सुतळीचंही सांगितलं.

बनाबाईनं कुंडीतली उकरलेली माती हातानं सारखी केली. "शिवण उंदरानं कुरतडली, म्हणून बांधली मी सुतळी. पाल्याचं खत दोन साल झाले शेवंतीपुरतं करून राह्यली. तुले इचाराचं व्हतं ना, ताई. मी काय परकी हाव?" आणि ती आत निघून गेली.

चार दिवस ती जाळीखाली फिरकली नाही. पाचव्या दिवशी सिंधूताईच तिच्या दारात गेल्या. "चुकलं माह्यं. मलकापूरले चाल. या खेपेले तू निवड."

बनाबाईनं दुकानात चार पोत्यांतलं मॉस ओलं करून मुठीत दाबून पाहिलं, वास घेतला, धागे ताणले आणि तांबड्यातलं एक पोतं काढलं. सिंधूताई बाजूला उभ्या राहिल्या. चुना मोजून घातला, थोडं पाल्याचं खतही पडलं. मिरचीची रोपं ताठ उभी राहिली आणि महिन्याभरात बाजारात हातोहात गेली.

उरलेलं पोतं मात्र बनाबाईनं पडवीत ठेवू दिलं नाही.

"तुह्याच घरी राहू दे," ती शांतपणे म्हणाली.

सिंधूताईंनी आपला पलंग सरकवून भिंतीशी जागा केली.