टेकडीला बढती

रेडिओलहरी कुठवर पोहोचतील हे आधी संगणकाला विचारायचं आणि मगच मनोरा उभारायचा, असा त्या खात्याचा शिरस्ता होता. त्यासाठी साऱ्या जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची उंची नकाशावरून संगणकात भरायची. ती भरणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘उंचीसाहेब’ म्हणत. स्वतः ते बेताचेच. खुर्चीत बसले की पाय जमिनीला लागत नसत.

त्यांचे सासरे निवृत्त मोजणी अधिकारी. ते एका टेकडीपलीकडे राहत आणि त्या टेकडीपायी तिथे मोबाईल मुका होता. या मुकेपणावरच उंचीसाहेबांचा संसार सुखात चालला होता. कारण सासरे भेटले की जावयाच्या प्रत्येक चुकीची मोजणी करून, हद्दीचे दगड रोवूनच उठायचे.

“अहो, टेकडीअलीकडच्या गावात मनोरा होतोय म्हणे,” बायको जेवताना हरखून म्हणाली. “आता बाबा रोज फोन करतील!”

उंचीसाहेबांनी अर्धं जेवलेलं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीचं दार लोटून घेऊन त्यांनी टेकडीच्या उंचीत चाळीस मीटर घातले. टेकडी वाढली की पलीकडची सावली वाढणार, सावलीत लहरी पोहोचणार नाहीत, आणि खातं नाद सोडून देणार. संगणकानंही त्यांची बाजू घेतली. पडद्यावर सासुरवाडी काळीकुट्ट झाली.

वरिष्ठांनी तो काळोख बराच वेळ न्याहाळला.

“गावातला मनोरा फुकट जाणार. पण मी म्हणतो, आसपास कुठे नाही एवढी उंच टेकडी असताना खाली कशाला? टेकडीवरच ठोका!”

“साहेब, एकदा जागेवर जाऊन पाहिलं तर...”

“संगणकात आहे ना? मग जागेवर काय बघायचंय?”

मनोरा बांधणाऱ्यांनी जागेवर मोजलं, तर टेकडी चाळीस मीटर कमी भरली. त्यांनी लगेच यंत्र बिघडल्याचं कळवलं. यंत्र दुरुस्तीला गेलं, मनोरा टेकडीवर गेला, आणि पहिल्याच दिवशी उंचीसाहेबांचा फोन वाजला.

“जावईबापू, मनोऱ्याच्या पाटीवर टेकडीची उंची वाचली. तुमचं काम का?”

उंचीसाहेबांनी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला. “बाबा, ते... झालं खरं माझ्या हातून.”

“वा! अहो, तरुणपणी मी अगदी एवढीच मोजली होती! माझ्या साहेबानं चाळीस मीटर कापले. म्हणाला, यंत्र बिघडलंय तुझं. जन्मभर सलत होतं हो. तुम्ही न्याय केलात.”

उंचीसाहेबांनी सुटकेचा श्वास घेतला. तो अजून सोडायचा होता, तोच पलीकडून आवाज आला.

“आता जरा पेन घ्या. त्या मेल्यानं माझ्या बऱ्याच टेकड्या कापल्यात. रोज संध्याकाळी एकेक सांगत जाईन. नीट ऐकू येतंय ना?”

“येतंय की,” उंचीसाहेब म्हणाले. “अगदी उरावर बसून बोलताय असं वाटतंय.”