सैल ओंडका

आमच्या घराला सगळा गाव सरपणाचं घर म्हणतो. घोडेगावकडून सोनईला येताना आमची वस्ती लागते. बाभळीचे आणि लिंबाचे हातभर ओंडके आडवे रचून, मधे चिखल, चुना आणि भुसा भरून ह्यांनी भिंती उभ्या केल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी चुलीसाठी लाकडं रचून ठेवलीत. बांधकाम चाललं होतं तेव्हा आमची जाऊ गोजरबाई म्हणाली, "पावसाळ्यात सरपन भिजलं तर भिंत काढून चुलीत घालशील काय गं?" तिच्यासमोर मी हसले आणि ह्यांच्यासमोर भांडी आपटली. पुढे मे महिन्यात वीज गेली की तीच गोजरबाई आमच्या घरात येऊन, पंखा नसताना घोरायची. बाहेर अंग भाजत असायचं आणि आत चादर लागायची. मी तिला काही बोलले नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल.

हे गवंडी. कुठलंही काम पुरं करायचं नाही, हा ह्यांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक. पुऱ्या घराला दृष्ट लागते, म्हणून प्रत्येक घरात एक दगड किंवा एक वीट सैल ठेवायची, आणि ती कुठली ते कुणाला सांगायचं नाही. घरधन्यालासुद्धा नाही. "आपल्या घराचं तरी सांगा," मी म्हणायचे. "तुला सांगितलं म्हंजी सोनईच्या बाजाराला सांगितलं," असं हे म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

गेल्या पोळ्यानंतर ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. शुद्धीवर आल्यापासून डावा हात उचलून मागच्या भिंतीकडे दाखवायचे आणि "आ... आ..." करायचे. मला वाटलं, लाकूड सुकून फटी पडल्यात त्या दिसत असतील. मी चिखल कालवून आतून सगळ्या फटी लिंपल्या. ह्यांनी मान हलवली, नाही. कॅलेंडर काढलं, खाट सरकवली, पाल हाकलली. नाही. शेवटी एकदा म्हटलं, "सैल ओंडका का? त्यात काय ठिवलंय का?" तर होकाराला मान अशी जोरात हलली, की ठसकाच लागला.

"माझ्यासाठी?"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी कधी हातात काही आणून दिलं नव्हतं. जे काही द्यायचं ते ताकावरच्या झाकणाखाली नाहीतर पिठाच्या डब्यात ठेवायचे आणि मला सापडेपर्यंत गप्प बसायचे. मग मी एकेका ओंडक्यावर हात ठेवून विचारायला लागले, ह्यो का, ह्यो का? दर वेळी मान नाही म्हणायची. ह्यांना दाखवायला लावलं तर हात थरथरायचा, बोट कुठल्या कुठे जायचं. मी दाबून बघितलं, ओढून बघितलं, एकही हलेना. हे दमून रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, ह्यांना असं तापवू नका. मग मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. हात-पाय चालाय लागले की तुमीच काढून द्या." पण हात रोज भिंतीकडे जायचाच.

पंकजाबाई आल्या त्या उन्हाळ्यात. नगरच्या कॉलेजात शिकवतात. त्यांचा एक गट आहे, तो खजिना शोधण्याचा खेळ खेळतो. ठिकठिकाणी डबे लपवायचे, जागा मोबाईलवर द्यायची आणि लोकांनी शोधत यायचं. डबा सापडला की आतली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. "काकू, शेवटचा डबा तुमच्या घरापाशी ठेवू द्या. एवढं थंड घर लोकांनी बघायला हवं," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. ज्या घराला गाव हसला ते बघायला नगरहून गाड्या येणार होत्या! त्यांनी डबा मागच्या लिंबाखाली फुटक्या रांजणात लपवला.

रविवारी सगळी वस्ती माणसांनी भरली. लोक भिंतीला गाल लावून बघत होते. मी ह्यांना उशीला टेकवून बसवलं, खिडकीतून गर्दी दाखवली. एका बाजूने का होईना, हे हसले. मग एकाएकी हात उठला. "आ... आ!" मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या. भिंतीपलीकडे कुणीतरी ओरडलं, "सापडला!" आणि टाळ्या पडल्या.

"व्हय, तुमचंच कवतिक चाललंय," मी म्हटलं. ह्यांचा हात धरून खाली केला, लाळ पुसली आणि पाणी द्यायला बाहेर गेले.

संध्याकाळी मागचं अंगण झाडताना एक ओंडका बोटभर बाहेर आलेला दिसला. ओढला तर पेटीच्या खणासारखा अलगद निघाला. तो अर्ध्या भिंतीपर्यंतच होता आणि बाहेरूनच निघत होता. आणि मी मूर्खासारखी आतून ओढत बसले होते, वरून चिखल लिंपला होता. आतल्या पोकळीत किल्ल्या अडकवायची साखळी होती, हसऱ्या पिवळ्या तोंडाची. मी तशीच पंकजाबाईंना फोन लावला.

पंकजाबाई भल्या. त्यांनी गटात विचारलं, आणि रात्रीच्या आत एका माणसाचा फोन आला.

"काकू, ओंडका हलला म्हणून मला वाटलं, हाच डबा. आत पत्र्याची डबी होती. डबीत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. डबीसकट ते घेतलं आणि नियमाप्रमाणे माझी साखळी ठेवली."

"कुठं हाय ते?"

"दुपारी शिर्डीच्या रस्त्यावर दुसऱ्या एका गटाचा डबा आहे, त्यात ठेवलं. वस्तू पुढे गेली पाहिजे ना."

"फडकं सोडून बघितलं न्हाई?"

"नाही हो. दुसऱ्याने बांधलेली गाठ कशाला सोडायची?"

पंकजाबाई स्वतः त्या डब्यापर्यंत जाऊन आल्या. डब्यात खेळण्यातली मोटार होती. शिर्डीला कुठकुठली माणसं येतात, त्यांतलं कोण घेऊन गेलं, कुणाला माहीत? मला शिव्या येत नाहीत असं नाही. चांगल्या येतात. पण कुणाला द्यायच्या? सगळे नियमाने वागले, एकानेही चोरी केली नाही. त्या माणसाने तर दोनदा माफी मागितली.

मी ह्यांना सगळं सांगितलं. मग विचारायला बसले. सोन्याचा मणी होता का? सासूबाईंची नथ? कसलं बियाणं होतं का? मी एकदा जोडव्यांसाठी भांडले होते, ती का? पूर्वी मान हो म्हणायची, नाही म्हणायची. आता हे नुसते माझ्याकडे बघतात. साखळी दाखवली तर डोळे मिटून घेतले. ती मी परत पोकळीत टाकली आणि ओंडका लावला.

घर अजून थंड आहे. माणसं अजून बघायला येतात, मी त्यांना पाणी देते. ह्यांचा हात मात्र आता भिंतीकडे जात नाही. तो उठला की माझा जीव कातावायचा, आता मी त्याचीच वाट बघते. संध्याकाळी दिवा लावला की मी खाटेशी बसते, ह्यांचा डावा हात उचलून भिंतीकडे धरते आणि म्हणते, "दाखवा." सोडला की तो खाली पडतो.