उत्रोलीचा ओव्हन

भोरात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मी तापट, हे बायकोपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना ठाऊक. दुरुस्त केलेली वस्तू परत आली की माझं डोकं फिरतं, आणि उत्रोलीच्या रत्नाताईंनी त्यांचा ओव्हन पंधरा दिवसांत तीनदा आणला होता.

तक्रार एकच, लवकर तापत नाही आणि केक मधे कच्चा राहतो. पहिल्यांदा मी रॉड बदलला, दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट. तिसऱ्यांदा दुकानातच चालू करून घड्याळ लावलं, तर बारा मिनिटांत आत हात धरवेना. मग माझी सटकली. म्हणलं, बाई, तुम्ही भाकरी उलथल्यासारखं दर दोन मिनिटांनी दार उघडत असणार. त्या हळूच म्हणाल्या, रविवारी आंबवड्याला साखरपुड्याचा केक द्यायचाय. मागचे दोन मधनं बसले, आता हाही बसला तर परत मला कोण विचारणार? ऐकून माझी मलाच लाज वाटली. म्हणलं, घरीच लावून बघतो. त्या एसटीनं पुढं गेल्या, मी मोटरसायकलला ओव्हन बांधून मागनं गेलो.

घरात शिरायला लागलो तर त्या म्हणाल्या, हिकडं न्हाई, गोठ्यात. म्हशींना केक घालताय का काय, असं माझ्या तोंडातनं गेलंच. त्यांनी ओसरीकडं डोळ्यानंच खुणावलं. तिथं त्यांचे सासरे, रखमाजीअण्णा, बाजेवर बसून पोथी वाचत होते. गळ्यात तुळशीची माळ. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माळकऱ्याच्या घरात अंडं फोडायचं कसं? घरात उकडतं असं अण्णांना आणि सासूबाईंना सांगून रत्नाताईंनी आपला कारखाना गोठ्यात मांडला होता.

वीज मात्र घरच्या मीटरवरनं आणलेली. मांडवात बल्ब टांगायची असते तसली बारीक वायर, तीन ठिकाणी नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली, पेंढ्याखालनं सोडलेली. मी मोजून बघितलं. घरात दोनशे पंचवीस व्होल्ट, आणि ओव्हन लावल्यावर गोठ्यात एकशे सत्तर. चौथा हिस्सा जोर वाटेतच जिरत होता, तापणार काय कपाळ! पेंढा सारून एका जोडाजवळ बोट नेलं तर चटका बसला. वरची टेप वितळून चिकट झाली होती.

दोन म्हशी, एक वासरू, वर आढ्यापर्यंत गवत. मी ओव्हन बंद केला आणि सांगून टाकलं, जाड वायर ओढली तरी एवढ्या पेंढ्यात ही भट्टी नको. ओव्हन घरात, मीटरजवळच पाहिजे.

रत्नाताईंनी हात जोडले. "दादा, अण्णांना सांगू नका. अंड्याचं कळलं तर माझ्या हातचं पाणी घ्यायचे न्हाईत."

सांगावं तर बाईचा धंदा बुडतो, न सांगावं तर गोठा पेटतो. एवढ्यात दारात काठी वाजली. अण्णा तिथं उभे होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आधी त्यांनी मला विचारलं, जनावरांना धोका हाय का? म्हणलं, वायर काढली की धोका नाही. त्यांनी वासराच्या पाठीवरनं हात फिरवला आणि मग सुनेकडं वळले.

"रत्ना, माळ माझ्या गळ्यात हाय. तुझ्या न्हाई."

मला म्हणाले, ओसरीवर मीटरखाली जागा हाय, तिथं बसवा, हिच्या सासूचं मी बघतो. मी लागलीच जाड वायर टाकून नवा पॉइंट काढायला घेतला. तेवढ्यात बघतो तर अण्णा आपली बाज ओढत गोठ्याकडं निघालेले, काखेत पोथी. रत्नाताई आडव्या गेल्या. म्हणाल्या, तुम्ही कशाला जाताय, मीच हे सगळं बंद करते.

"कशापायी? म्हशींना माझं वाचन चालतंय."

"अण्णा, पण तुमाला कवा कळलं?"

"उकिरड्यातली टरफलं रोज सकाळी मातीखाली कोण बुजवतंय? तुझ्या सासूला दिसली असती म्हणजे?"

रत्नाताई पायरीवर बसून रडायला लागल्या. मी भिंतीकडं तोंड करून स्क्रू आवळत राहिलो, कारण माझेही डोळे भरले होते.