हॅलवर्ड काउंटीतली चौकशी

अमेरिकेतल्या एडिसनमध्ये कुणाच्या मुलीला स्थळ आलं की पत्रिका आधी मोरेश्वर कारखानिसांकडे जायची, मग गुरुजींकडे. गुरुजी ग्रह बघायचे, मोरेश्वरराव पोलीस बघायचे. उभा जन्म इन्शुरन्स कंपनीत लोकांचे खोटे क्लेम पकडण्यात गेलेला, रिटायर झाल्यावर हात शिवशिवणारच. त्यात अमेरिका म्हणजे चौकशीबहाद्दरांचं नंदनवन हो! कुणाला कुठे अटक झाली, कशासाठी झाली, सगळं फोटोसकट सरकारदरबारी, आणि मागेल त्याला द्यायचं. आपल्याकडे एवढ्यासाठी हवालदाराला चहा पाजत बसावं लागलं असतं.

"आणि मागणाऱ्याला 'तुला कशाला हवंय?' असं विचारायचंसुद्धा नाही!" ओक ट्री रोडवर मिसळ खाताना ते हे सांगत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. लोक समजायचे, तर्रीने आलं. पण ते लोकशाहीने आलेलं असायचं.

तर आता खुद्द त्यांच्या रेणूचंच लग्न ठरत होतं. मुलगा देव, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या राजीव आणि सरलाचा. जनावरांचा डॉक्टर. हल्ली एडिसनपासून गाडीच्या अंतरावरच्या हॅलवर्ड काउंटीत, म्हणजे डोंगरातल्या एका जिल्ह्यात, गाई-घोडे तपासत हिंडायचा. मोरेश्वररावांना पहिला संशय तिथेच आला.

"सनीव्हेलमध्ये वाढलेला मुलगा कॉम्प्युटर सोडून गाईंच्या मागे जातो, म्हणजे तिकडे काहीतरी घडलेलं असणार."

"अहो, त्याला गाई आवडतात," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"गाई मलाही आवडतात. मी गेलो का?"

साखरपुडा तोंडावर आला होता. सनीव्हेलच्या मंडळींनी विमानाची तिकिटं काढली होती. एकदा पेढे वाटले की मागे फिरता येत नाही, हे मोरेश्वररावांइतकं कुणाला ठाऊक! काउंटीची वेबसाइट उघडेना. फोन केला तर कळलं, ती शेरिफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, भाचा चालवायचा आणि भाचा फ्लोरिडाला निघून गेला. मग स्वतःच जायचं ठरलं.

"जाऊ नका हो," सुनेत्राबाई म्हणाल्या. "हात जोडते तुमच्यापुढे. तिथे काही मिळणार नाही."

बायको हात जोडतेय म्हणजे पाणी मुरतंय, असं म्हणून मोरेश्वररावांनी गाडी काढली.

शेरिफचं ऑफिस पशुखाद्याच्या दुकानाला लागून होतं. आत एक खिडकी, खिडकीमागे लोरेटा नावाची बाई स्वेटर विणत बसलेली.

आता इथे चौकशीचं शास्त्र सांगायला हवं. पहिला नियम असा की मुलाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलंत की बोभाटा झालाच. विचारायचं घराबद्दल, मुलगा आपोआप बाहेर पडतो. मोरेश्वररावांची पुण्यातली आत्या 'इथे भाड्याने खोली मिळेल का?' असं विचारत जायची आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या घराण्याची कुंडली घेऊन यायची. खोली तिने कधीच घेतली नाही.

"कुणाचा रेकॉर्ड हवाय?" लोरेटाने विचारलं.

"तसा विशेष कुणाचा नाही."

"विशेष कुणी नसलेले आमच्याकडे पुष्कळ आहेत. नाव सांगा."

"नाव नको. घर सांगतो." आणि त्यांनी देवच्या मिल रोडवरच्या घराचा पत्ता दिला. "या पत्त्यावरचं जे जे काही असेल ते सगळं."

फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिणं सक्तीचं नव्हतं, म्हणून त्यांनी 'एक नागरिक' असं लिहिलं. लोरेटाने ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा, नागरिकसाहेब."

काउंटरवर त्या आठवड्याच्या तक्रारींची चळत ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून. एका बाईची तक्रार होती की शेजारी टक लावून बघतो. शेरिफचा डेप्युटी गेला. शेजारी खरंच बघत होता. त्याला दुसरीकडे बघायला सांगण्यात आलं. रस्त्यात गाय उभी होती, डेप्युटी पोचेपर्यंत ती आपणहून गेली. मोरेश्वररावांना आदर वाटला. गाय आपणहून गेली हेसुद्धा लिहून ठेवणारं सरकार! याला म्हणतात पारदर्शक कारभार.

प्रिंटर घरघरला. पहिल्या कागदावर देवचा बोकड होता. त्याने शेजाऱ्यांच्या अंगणांतल्या निवडणुकीच्या पाट्या खाल्ल्या होत्या. दोन्ही पक्षांच्या खाल्ल्यामुळे तक्रार मागे घेतली गेली.

दुसऱ्या कागदावर अटक होती. दारू पिऊन गाडी चालवणे.

'सापडला लेकाचा!' मोरेश्वररावांचं काळीज आनंदाने उडालं. मुलीचं लग्न मोडणार याचा बापाला आनंद व्हावा का? होऊ नये. पण झाला, आता काय करता! त्यांनी चष्मा सारखा केला आणि नाव वाचलं.

रेणू मोरेश्वर कारखानीस. राहणार मिल रोड.

मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लावायची आपली पद्धत. जन्मदाखल्यावर त्यांनीच हट्टाने लावून घेतलं होतं. ते आता हॅलवर्ड काउंटीच्या दप्तरात ठसठशीत अक्षरांत छापलं गेलं होतं. वर फोटो. केस विस्कटलेले, नाक रडून लाल झालेलं. शाळेच्या पहिल्या दिवशी झालं होतं तसंच.

महिना बघितला आणि त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. त्याच सुमाराला रेणूने पर्यावरणासाठी गाडी चालवणं सोडलं होतं. केवढं कौतुक केलं होतं त्यांनी! मंडळाच्या गणपतीत माइक हातात घेऊन सांगितलं होतं, "आमची रेणू ट्रेनने फिरते! पृथ्वीसाठी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. लायसन्स पोलिसांकडे जमा होतं, हे आता कळत होतं.

"ओळखीची आहे का?" लोरेटाने विचारलं.

"नाही," मोरेश्वरराव म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. नंतर गिळताही येईना.

"बरी होती पोरगी," लोरेटा सुया चालवत म्हणाली. "जत्रेत वाइनचा मांडव असतो, तिथून निघाली आणि कुंपणाला गाडी घासली. मी तिला फोन दिला. पहिला फोन केला, जरा वेळ ऐकत बसली, ठेवला आणि मग जी रडायला लागली! दुसरा केला त्या गुरांच्या डॉक्टरला. तो चिखलाच्या बुटांनीच आला न्यायला."

पहिला फोन कुणाला केला असेल? गाडीत बसल्यावर मोरेश्वररावांच्या डोक्यात एवढंच घोळत राहिलं. एडिसनला परतायचं सोडून त्यांनी गाडी मिल रोडकडे वळवली.

दार रेणूनेच उघडलं. घरी सांगितल्याप्रमाणे ती नोकरीच्या गावी, फिलाडेल्फियात असायला हवी होती, पण आता तो मुद्दाच उरला नव्हता. तिने बापाच्या हातातलं शेरिफचा तारा छापलेलं पाकीट पाहिलं.

"बाबा. सीरियसली?"

"लाज नाही वाटली?" त्यांचा आवाज चढला. "माझं नाव आहे त्याच्यात!"

"माझंही आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस! बापाला!"

"केला होता फोन," रेणू म्हणाली. "पहिला तुम्हालाच केला होता."

मोरेश्वररावांनी पाकीट पाठीमागे लपवलं.

"तुम्ही एकदम हॅपी होतात. मी बोलायच्या आधीच सुरू झालात. मंडळातल्या आश्लेषासाठी बघितलेल्या मुलाचा रेकॉर्ड सापडला, कॉलेजात असताना एकदा आत होता, लग्न कॅन्सल केलं. म्हणालात, 'असल्या पोरांचे आईबाप तोंड कसं दाखवतात कोण जाणे!' मग विचारलंत, तू कशाला फोन केलास? मी म्हटलं, सहज."

त्यांना आठवलं. मुलगी काही काम नसताना फोन करते, याचं त्या दिवशी त्यांना किती बरं वाटलं होतं.

"आईला माहितेय?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"देवच्या घरी?"

"मीच सांगितलं. सरलाकाकू म्हणाल्या, तुला कुठे लागलं नाही ना?"

सगळ्या एडिसनची अंडीपिल्ली ज्याला ठाऊक, त्याच्या घरातली गोष्ट पार कॅलिफोर्नियाला ठाऊक होती. एक तोच कोरा! मोरेश्वररावांना त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की बसायला खुर्ची दिसेना.

"तुमच्या रूलप्रमाणे स्थळ नापास आहे, बाबा," रेणू म्हणाली. "फक्त नापास देव नाही, मी आहे. साखरपुडा कॅन्सल करायचा तर करा. पण मी इथेच राहणार, आणि मग मी एडिसनला येणार नाही."

ही पोरगी बोलते ते करते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते जाळीचं दार ढकलून बाहेर पायरीवर गेले. तिथून वळून म्हणाले, "परत कर."

"काय?"

"तो फोन. आत्ता कर. मी मध्ये बोलणार नाही. ऐकेन."

"काय नाटक आहे हे, बाबा!"

"कर गं बाळा. एकदा कर."

खिशातला फोन वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. दाराच्या जाळीपलीकडे रेणू उभी होती, तिच्याही कानाला फोन.

"बाबा, मी रेणू. मला पोलिसांनी पकडलंय."

त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. कुठे आहेस, घाबरू नको, मी निघालोच. अगदी जिभेवर होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"कुणी पाहिलं का तुला?" ते म्हणाले.

स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"सगळ्यांनी पाहिलं, बाबा," फोनमधून रेणू म्हणाली. "तुम्ही सोडून."

तिने फोन ठेवला नाही. मोरेश्वररावही फोन कानाला लावून पायरीवर तसेच उभे राहिले.