फीत पुन्हा कोरी झाली

मित्रांनो, डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्हाला सगळे ऐकू येते, ऐकलेले जसेच्या तसे पुन्हा म्हणताही येते, पण स्वतःचे एकही वाक्य बोलता येत नाही. मी तसाच आहे. चामडी पिशवीतला जुना टेपरेकॉर्डर.

माझी मालकीण उल्काताई. मूळच्या नागपूरच्या, चंडीगडला विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायच्या. पंजाबात तेव्हा दहशतीचे दिवस होते. गाव सोडून आलेली कितीतरी कुटुंबे चंडीगडच्या सेक्टर बावीस या भागात भाड्याच्या खोल्यांत राहत होती. घर सुटलेल्या माणसाच्या मनात काय चालते, हा उल्काताईंच्या प्रबंधाचा विषय. किती जण घाबरले हे मोजता येते. पण भीती कशी असते, हे ज्याला वाटली त्यालाच विचारावे लागते, आणि त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे लागते. त्यासाठी मी होतो.

दुपारी घरी कोणी नसे, म्हणून नऊ वर्षांची लीनाही आईबरोबर येई. तिला मराठी कळे, पण तोंडातून हिंदीच निघे. बडबड तर अखंड.

एकदा आम्ही एका बाईंकडे गेलो. त्यांचे खरे नाव मी सांगणार नाही. उल्काताईंनी कागदावर त्यांना बलजिंदर म्हटले, मीही तेच म्हणतो.

"आपका नाम कहीं नहीं आएगा," उल्काताईंनी आधीच सांगितले. "बाद में मन बदले, तो भी मिटा देंगे."

"ठीक है जी," बलजिंदर म्हणाल्या. पुढच्या प्रत्येक प्रश्नालाही त्या तेवढेच म्हणत आणि गप्प होत. त्या गप्प झाल्या, की फीत वाया जाऊ नये म्हणून उल्काताई मला थांबवत आणि पुढचा प्रश्न विचारत.

परतताना रिक्षात लीना म्हणाली, "आई, आंटी सोच रही थी. तूने बटन क्यों दबा दिया?"

"अगं, ती काही बोलतच नव्हती."

"तू बोलने देती, तब ना."

उल्काताईंनी वही काढली आणि पुढच्या खेपेसाठी लिहिलेले प्रश्न एकेक करून खोडले.

पुढच्या खेपेला त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मला चालू ठेवले. बराच वेळ माझ्या फितीवर भाजीवाल्याची हाक आणि स्टोव्हची भरभर एवढेच उमटले. मग बलजिंदर बोलू लागल्या. गावी रात्री बंदूकवाले येऊन जेवण मागत. सकाळी पोलीस येत आणि कोणाला जेवू घातले म्हणून विचारत.

"आटा गूंधते हाथ काँपते थे जी," परातीतल्या मळलेल्या कणकेकडे पाहत त्या म्हणाल्या. "अब अपने घर का गूंधूँ, तो भी काँपते हैं."

थोड्या दिवसांनी त्या स्वतः विद्यापीठात आल्या. "वो बात मिटा दो जी. देवर अभी गाँव में है. किसी ने मेरी आवाज़ पहचान ली, तो उसे नहीं छोड़ेंगे."

त्या गेल्यावर मार्गदर्शक विश्वनाथसर म्हणाले, "नाव बदललंयस ना? मग पुसायचं कशाला? हिच्याशिवाय तुझा प्रबंध लंगडा पडेल."

"नाव बदललं, सर. आवाज तिचाच आहे."

आवाज पुसताना बलजिंदरना डोळ्यांनी दिसावे, म्हणून उल्काताई मला आणि लीनाला त्यांच्या खोलीवर घेऊन गेल्या. उतरवलेली पाने त्यांनी बलजिंदरच्या हाती दिली. राहिली फीत. फितीवरचे पुसायचे, तर तिच्यावर नवे काही भरावे लागते. काहीच नको असेल, तर शांतता भरावी लागते. उल्काताईंचे बोट खटक्यावर आले आणि तिथेच थांबले.

मित्रांनो, आता मला कोणी वापरत नाही, त्याचे विशेष नाही. पण कोणी आपली गोष्ट तुमच्या हाती दिली, तर ती जपा. ती त्याचीच असते. त्याने परत मागितली, तर देऊन टाका.

उल्काताईंचे बोट हलेना, तेव्हा लीना पुढे सरकली. फितीवर नवे भरायला दाबायचे माझे दोन्ही खटके तिने एकदम दाबले, आईकडे पाहून ओठांवर बोट ठेवले, आणि फीत संपून मी आपोआप बंद होईपर्यंत बलजिंदरच्या शेजारी बसून राहिली. एक शब्दही न बोलता.