बॉनेटखालची जागा

दामिनीनं कणकेचा गोळा इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोवर ठेवला, बॉनेट दाबून बंद केलं आणि पुन्हा उघडलं. गोळ्याचा पापड झाला होता. टर्बोचा पाइप अजूनही बॉनेटला टेकत होता.

बॉनेट कापलं असतं तर काम सोपं होतं. पण मुखेडच्या माळावरच्या उद्याच्या शर्यतीत कापलेलं बॉनेट चालणार नव्हतं. आणि लातूरचे गुरुबसप्पा, सगळ्यांचे अप्पा, सगळीकडं सांगत फिरले होते, "तिच्या त्या डबड्यात टर्बो बसणार न्हाई."

इंजिनाचं काम ती गुरुबसप्पांच्याच गॅरेजात शिकली होती. तिथंच तिनं शर्यतीची एक गाडी उभी केली. गाडी तयार होत आली तशी अप्पांनी किल्ली आपल्या मुलाच्या, शिवांशच्या हातात दिली. "बनवलीस, बरं केलंस. चालवायचं काम त्याचं," ते दामिनीला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर तिनं पत्र्याचं शेड घेतलं आणि तसलीच एक जुनी गाडी.

तिनं टर्बोच्या पुढच्या कवचाचे बोल्ट सैल केले आणि वर उघडणारं तोंड खाली फिरवलं. पाइप आता खालून गेला, तर रेडिएटरचा पंखा आडवा आला. पंखा काढून तिनं रेडिएटरच्या पुढच्या बाजूला बसवला. नवा गोळा ठेवला, बॉनेट लावून उघडलं. या वेळी गोळा बोटाएवढा जाड राहिला.

"बसला म्हणायचा टर्बो."

शेडच्या दारात गुरुबसप्पा उभे होते. घामानं कपाळावरचं भस्म ओघळलं होतं.

"बसला, अप्पा."

"उभं इंजिन खोटं बोलतंय. भार आला की कलतंय, मग ठोकतंय."

"मग आत बसा. ब्रेक दाबून धरा, गिअर टाका अन् क्लच हळू सोडा."

अप्पा बसले. गाडी जागच्या जागी थरथरली, इंजिन किंचित कललं आणि तिथंच थांबलं. पाइप कुठंही लागला नाही. ते उतरून इंजिनावर वाकले. इंजिन कलू नये म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये दामिनीनं एक आखूड रॉड बसवला होता. अप्पांनी त्यावर वीत ठेवली. मग पुन्हा ठेवली.

"हे कुठनं आणलंस?"

"मीच केलं. तुमच्याकडच्या गाडीला लावायच्या आधीच निघाले मी."

अप्पांची वीत रॉडवरच राहिली. दामिनी त्यांच्या हाताकडं बघत होती.

"शिवांशच्या गाडीचं इंजिन ठोकून राहिलं का?"

"हाव. पाइप फुटतोय. कुणालाच कळंना झालंय." ते टॉवेलनं मान पुसत राहिले. "मी इकडं आलोय, त्याला म्हाईत न्हाई."

दामिनीचा हात बॉनेटच्या कडेवर गेला. बंद केलं असतं तर अप्पा तसेच परत गेले असते. तिनं ते उघडंच ठेवलं. मग तिनं फळीवरचा खडू घेतला, खाली बसली आणि फरशीवर रॉडचं चित्र काढलं, लांबीरुंदीची मापं टाकून.

"फोटो घ्या. दोन्ही टोकांना रबर पाहिजे, न्हाईतर बॉडीला तडे जातील."

"उद्या तू त्याच्याच विरुद्ध हाइस, पोरी."

"म्हणून तर. त्याची गाडी बंद पडली म्हणून दामिनी जिंकली, असं मला ऐकायचं न्हाई." ती उठली, हात झटकले. "अन् रॉड कुणाचा हाय, ते त्याला नाव घेऊन सांगा."

अप्पांनी मोबाइल काढला. फोटो घेतला, मापं नीट वाचता येतात का ते पाहिलं. मग ते दाराकडं निघाले. वाट अरुंद होती. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला टायरांची चळत. खडूच्या रेघा मधोमध होत्या. त्यांनी धोतर सावरलं, टायरांना धरून अंग चोरलं आणि एकाही रेघेवर पाय न देता ते बाहेर पडले.